कुंपणाबाहेरचा पाचोळा

फाल्गुनाच्या अखेरीस अहिल्यानगर शहरातील झाडांच्या कोणत्याही रस्त्याने पहाटे चालत गेले, तर एक ओळखीचा जळकट वास नाकाशी येतो. कडुनिंब, पिंपळ, वड, बदाम ही झाडे याच सुमारास पाने टाकतात. रात्रभर गळलेला पाला खराट्याने एकवट होतो, कडेला ढीग लागतो आणि थोड्याच वेळात त्या ढिगाला काडी लागते. सावेडीच्या बंगल्यांपुढे हे घडते, आणि संगमनेर, श्रीरामपूर, कोपरगाव येथेही यापेक्षा निराळे काही घडत नाही. ज्या घरापुढे हा धूर निघतो, त्याच घरचे लोक आठवड्याने रोपवाटिकेत जाऊन प्लॅस्टिकच्या पिशवीत भरलेले खत आणि केरळ-तामिळनाडूकडून आलेला नारळाचा भुसा विकत आणतात. आपल्या कुंपणाच्या आत निर्माण झालेली वस्तू जाळावयाची आणि तिचाच पर्याय पैसे मोजून दूरवरून आणावयाचा, या व्यवहाराला अर्थशास्त्रात काय नाव द्यावे हे मला चाळीसएक वर्षे विषय शिकवूनही सुचलेले नाही.

राजकीय साप्ताहिकाने पालापाचोळ्यासाठी जागा द्यावी, याचे काही वाचकांना नवल वाटेल. महागाई आहे, बेकारी आहे, शेतमालाच्या भावाचा प्रश्न आहे. त्यांत परसबागेतील पानांचे काय घेऊन बसलात, असे आपले कार्यकर्ते विचारतील. त्यांचा प्रश्न रास्त आहे. परसबाग ही हौस म्हणून कोणी करीत असेल तर तिच्याविषयी येथे लिहिण्याचे कारण नव्हते. परंतु पान झाडावरून गळल्यापासून त्याची राख होईपर्यंत जो प्रवास होतो, त्यात खर्च कोणाचा आणि सोय कोणाची हे पाहिले, म्हणजे प्रश्न बागेचा राहत नाही.

प्रथम पानाची किंमत पाहू. पाचोळा म्हणजे फुकटचे उत्तम खत, असे बागकामाच्या पुस्तकांत सरसकट लिहिलेले असते. ते तितकेसे खरे नाही. पान गाळण्यापूर्वी झाड त्यातील नत्र, स्फुरद व पालाश यांचा बराच भाग परत ओढून घेते. झाडाचा हिशेब आपल्यापेक्षा पक्का असतो. म्हणून शंभर किलो वाळक्या पानांत नत्र निघाले तर साधारणतः अर्धा ते एक किलो निघते. केवळ नत्रासाठी पाहिले तर युरियाच्या गोणीपुढे पाचोळा टिकणार नाही. पाचोळ्याची खरी किंमत त्यातल्या कर्बात आहे. तो कुजून जमिनीत मिसळला म्हणजे माती पाणी धरून ठेवते, मातीतील जीवजंतूंना अन्न मिळते, आणि घातलेले खत वाहून न जाता मुळाशी राहते. आपल्या जिल्ह्यातील जमिनी बव्हंशी उथळ, चुनखडीच्या आणि सेंद्रिय कर्बाने दरिद्री आहेत. अकोल्याचा पश्चिमेकडील डोंगराळ भाग सोडला तर पाऊस सरासरी पाचशे-सहाशे मिलिमीटरच्या आसपास. अशा भूमीत कर्ब जाळणे म्हणजे बी-बियाणे भाजून खाणे होय.

"राखही खतच आहे," असे यावर हमखास सांगितले जाते. राखेत पालाश व चुना उरतो हे खरे. पण नत्र आणि कर्ब धुरावाटे निघून जातात, आणि जो चुना उरतो त्याची आपल्या आधीच विम्ल, चुनखडीच्या मातीला गरज नसते. कोकणातील आम्लधर्मी जमिनीत राखेचा उपयोग निराळा आणि नगरच्या काळ्या मातीत निराळा. (जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले, जुन्या सवयीने 'नगर' लिहिले जाते, वाचकांनी चालवून घ्यावे.) येथे अकोल्याच्या आदिवासी बांधवांविषयी एक गोष्ट न्यायाने नमूद केली पाहिजे. भातरोपांच्या वाफ्यावर पाला-काटक्या रचून राब भाजण्याची त्यांची पद्धत ही एका विशिष्ट पिकासाठी, विशिष्ट जागी आणि थोड्या क्षेत्रावर केलेली मशागत आहे. बंगल्यापुढील ढिगाला काडी लावणाऱ्याने तिचा दाखला देऊन स्वतःचे समर्थन करू नये.

राबाचा विषय निघाला म्हणून एक जुनी हकीकत सांगतो. इंग्रज सरकारच्या जंगलखात्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील शेतकऱ्यांच्या पाला-फांद्या तोडण्यावर बंधने घातली, तेव्हा एवढा असंतोष माजला की १८८५ साली सरकारला मुंबई इलाख्याचे वन आयोग नेमावे लागले. दोन वर्षांनी त्याचा अहवाल आला. पाल्यावर हक्क कोणाचा, हा त्या काळी लढण्याजोगा प्रश्न होता. तिकडे युरोपात ऱ्हाइन प्रांताच्या विधिमंडळाने जंगलात पडलेले लाकूड वेचणे ही चोरी ठरवू पाहिली, तेव्हा १८४२ साली तरुण मार्क्सने त्याविरुद्ध लेखमाला लिहिली. आर्थिक प्रश्नांकडे आपण त्यातून वळलो असे त्याने पुढे स्वतःच नमूद केले आहे. झाडावरून पडलेल्या वस्तूवर गरिबाचा हक्क असतो, यासाठी एके काळी माणसे भांडली. आज तीच वस्तू सुखवस्तू माणूस फाटकाबाहेर लोटतो आणि ती उचलून नेण्याची जबाबदारी मात्र सार्वजनिक आहे असे मानतो. मालकी हक्क झाडापुरता, कर्तव्य गळलेल्या पानापुरते नाही!

फाटकाबाहेर गेलेल्या पानाचे पुढे काय होते ते आता पाहावे. पहाटे पाच-साडेपाचला रस्ता झाडणारी बाई बहुधा ठेक्यावरची असते. तिच्या वाट्याला रस्त्याचा ठरावीक पट्टा येतो आणि ठरावीक वेळेच्या आत तो स्वच्छ दिसला पाहिजे असा मुकादमाचा तगादा असतो. एरवी त्या पट्ट्यात धूळ, कागद आणि पिशव्या निघतात. पानगळीत त्याच पट्ट्यात अनेक पट ढीग निघतो. वेळ तेवढाच, हात तेवढेच, मजुरीही तेवढीच. ढीग न्यायला गाडी येईल याची शाश्वती नसते. घंटागाडीत पाने भरली तर ती चार घरांतच भरून जाते, कारण वाळकी पाने जागा फार घेतात आणि वजन भरत नाहीत. येथे ठेक्याच्या अर्थशास्त्राकडे लक्ष वेधतो. जेथे कचरावाहतुकीचे बिल टनावर निघते, तेथे पाने उचलणे ठेकेदाराला परवडत नाही. गाडी भरलेली असते, काटा हलत नाही. तो ओला, जड कचरा आधी उचलणार आणि पाने मागे ठेवणार. मागे राहिलेल्या ढिगाचा उद्या वारा पुन्हा रस्ता करील, म्हणून आज काडी. हातात आगपेटी त्या बाईच्या दिसते. ती तिथवर पोहोचवणारी माणसे कागदोपत्री कोठेच दिसत नाहीत.

पेटलेल्या ढिगाची भगभगीत ज्वाला क्वचितच होते. पाने दमट असतात, मध्ये हिरव्या छाटणीच्या फांद्या असतात. ढीग धुमसत राहतो. धुमसणारा पाला धूर अधिक देतो, आणि त्या धुरातील सूक्ष्म कण फुप्फुसाच्या खोल भागापर्यंत जातात. घरातील माणसे खिडकी लावून घेतात. झाडणाऱ्या बाईला खिडकी नसते. अर्थशास्त्रज्ञ के. विल्यम काप याने १९५० साली खाजगी उद्योगाच्या सामाजिक खर्चावर ग्रंथ लिहिला. उत्पादकाच्या हिशेबवहीत न दिसणारा आणि तिऱ्हाईतावर किंवा सर्व समाजावर ढकललेला खर्च, हा त्याचा विषय. त्याच्यासमोर कारखान्यांची धुराडी होती. परंतु पाच गुंठ्यांच्या बंगल्यालाही धुराडे असू शकते, आणि ते फाटकाबाहेर असल्यामुळे मालकाला ते आपले वाटत नाही इतकेच.

जे जळत नाही ते डेपोवर जाते. नगर शहराचा कचरा वर्षानुवर्षे बुरूडगावच्या हद्दीत जाऊन पडला आणि तेथील ग्रामस्थांना त्याविरुद्ध भांडत राहावे लागले. बुरूडगावच्या शेतकऱ्याने सावेडीचा कडुनिंब पाहिलेला नसतो, त्याची सावली त्याला मिळालेली नसते. पाने मात्र त्याच्या शिवारात येतात, आणि तीही प्लॅस्टिक, काच आणि सडक्या अन्नाशी कालवलेली, म्हणजे शेतात टाकण्याच्या लायकीची न उरलेली. हीच पाने वेगळी आली असती तर त्याने बैलगाडी पाठवून नेली असती.

कायदा नाही अशी तक्रार कोणी करू नये. घनकचऱ्याविषयीच्या २००० सालच्या नियमांतच वाळकी पाने जाळू नयेत असा स्पष्ट उल्लेख होता. २०१६ च्या नियमांनी बागेचा कचरा ज्याचा त्याने आपल्या आवारात वेगळा साठवावा अशी जबाबदारी घातली, आणि त्याच वर्षी डिसेंबरात राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने उघड्यावर कचरा जाळणाऱ्यास पाच हजार आणि मोठ्या प्रमाणावर जाळणाऱ्यास पंचवीस हजार रुपयांचा दंड ठरवला. प्रश्न पावती कोणाच्या नावे फाटते हा आहे. रोजंदारीवरच्या झाडूवालीकडून पाच हजार वसूल करणारा कायदा हा कायदा म्हणून मला मान्य नाही. जबाबदारी ज्याच्या झाडाखाली पाने पडली त्याची, आणि रस्त्यावरच्या झाडांच्या बाबतीत महापालिकेची; तिच्या ठेकेदाराचीही.

तेव्हा पान फाटकाबाहेर जाऊच न देणे, हा या प्रश्नाचा पहिला आणि सर्वांत स्वस्त तोडगा आहे. हे कसे करावयाचे ते थोडे तपशिलाने सांगितले पाहिजे, कारण आपले पुष्कळ कार्यकर्ते तत्त्व लगेच मान्य करतात आणि घमेले हातात घेण्याच्या वेळी अडखळतात.

सर्वांत सोपा उपाय म्हणजे काहीही न कुजवणे. झाडाच्या आळ्यात, फुलझाडांच्या वाफ्यात, कुंडीच्या तोंडाशी वाळक्या पानांचा तीन-चार इंचांचा थर पसरावा. बुंध्यापासून वीतभर जागा मोकळी ठेवावी, नाहीतर साल दमट राहून कुजते. हे आच्छादन मातीवर ऊन पडू देत नाही, ओल टिकवते, तण दाबते आणि पावसाळ्यात खालच्या बाजूने हळूहळू मातीत मिसळून जाते. चैत्र-वैशाखात उघड्या आळ्याला सकाळी घातलेले पाणी दुपारपर्यंत उडून जाते. आच्छादनाखाली बोट घालून पाहिले तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही ओल लागते. नगर शहराला पाणी मुळा धरणातून येते. ते उपसून आणावयाला वीज लागते आणि त्याच धरणाच्या कालव्यावर शेतकऱ्याचाही डोळा असतो. बागेच्या नळीतून वाहणारे पाणी कोणाच्या तरी पिकाचे आहे, एवढे लक्षात ठेवले तरी तीन इंच पाचोळ्याचे महत्त्व पटेल. 'पाणी अडवा, पाणी जिरवा' हा मंत्र राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार या याच जिल्ह्यातील गावांनी देशाला आचरून दाखवला. डोंगरउतारावर चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी करून त्यांनी जे साधले, त्याचा अर्थ जमिनीला तिचे पांघरूण परत देणे हाच होता. शहराने पाण्याच्या जोडीला पाला अडवावा आणि पाला जिरवावा.

आच्छादन करून उरणारा पाला आणि कुंपणाची छाटणी यांसाठी ढीग करावा लागतो. येथे शास्त्र थोडे समजून घेतलेले बरे. पाला कुजवणाऱ्या सूक्ष्मजीवांना एक भाग नत्रामागे पंचवीस-तीस भाग कर्ब मानवतो. वाळक्या पानांत कर्बाचे प्रमाण याच्या दुपटीहूनही अधिक असते. म्हणून नुसता पाचोळा महिनोन् महिने तसाच पडून राहतो आणि माणसाचा उत्साह मावळतो. हिरवे गवत, कोवळी छाटणी, भाजीची देठे, शेणकाला यांत नत्र अधिक. तीन पाट्या वाळकी पाने आणि एक पाटी हिरवे, असे थर द्यावेत, मधून मधून मूठभर माती भुरभुरावी. तीन फूट रुंद आणि तीन फूट उंच असा जाळीचा गोल, किंवा चुन्या-सिमेंटावाचून फटी ठेवून रचलेल्या विटा, एवढी सामग्री पुरते. याहून लहान ढीग तापत नाही. ओल किती असावी? मूठभर मिश्रण आवळून पाहावे. हात ओला व्हावा, पाणी गळू नये. नगरच्या उन्हाळ्यात ढीग थांबतो तो ओल गेल्यामुळे. तांदूळ-डाळ धुतलेले पाणी आपण मोरीत ओततो, ते त्यावर ओतावे. दर पंधरा दिवसांनी ढीग वरखाली केला तर तीन-चार महिन्यांत खत हाती येते. बारा वर्षांनी उकिरड्याचेही दैव उघडते असे आपल्याकडे म्हणतात. न हलवलेल्या, न भिजवलेल्या उकिरड्याचा तो अनुभव असावा.

पानांपानांत फरक आहे. कडुनिंबाची पाने बारीक, लवकर मुरतात. आंब्याची, बदामाची, वडाची पाने जाड. ती वाळल्यावर पोत्यात भरून पायाखाली चुरडली तर काम निम्म्या वेळात होते. निलगिरीची पाने फार दिवस घेतात, ती थोडीच मिसळावीत. गाजरगवत फुलावर येण्यापूर्वी उपटले तर ढिगात चालते, फुलल्यावर नाही. हराळी आणि लव्हाळा ढिगात घालणे म्हणजे वैऱ्याला घरजावई करणे. त्यांच्या गाठी आधी उन्हात पूर्ण वाळवाव्यात. कण्हेरीची छाटणी गुराढोरांपुढे कधीही टाकू नये, ती विषारी असते. जाड फांद्या कुजत नाहीत. त्या तुकडे करून ढिगाच्या तळाशी घालाव्यात, हवा खेळती राहते. वाळवीची भीती पुष्कळांना वाटते. वाळवी कोरड्या, न हलवलेल्या ढिगाला लागते. भिजवलेल्या, वरचेवर परतलेल्या ढिगात ती टिकत नाही. साप येतील ही शंका सर्वस्वी खोटी नाही. म्हणून ढीग भिंतीला चिकटून लावू नये, आणि त्यात शिजलेले अन्न टाकून उंदरांना आमंत्रण देऊ नये. उंदीर नसले तर साप कशाला येईल?

ही विद्या परकी नाही, जुनी आहे, आणि तिला शास्त्राचे रूप देण्यात आपल्या माणसांचा हात आहे. अल्बर्ट हॉवर्ड हा इंग्रज शास्त्रज्ञ १९०५ साली हिंदुस्थानात आला आणि येथील शेतकऱ्यांकडून शिकला. इंदूरच्या संस्थेत १९२४ ते १९३१ या काळात त्याने पालापाचोळा, शेण आणि माती यांचे थर देऊन खत करण्याची जी पद्धत बसवली ती 'इंदूर पद्धत' म्हणून जगभर गेली. १९३१ साली तिच्यावर जे पुस्तक निघाले, त्यावर हॉवर्डच्या बरोबरीने यशवंत वाड यांचे नाव आहे. सेंद्रिय शेतीच्या जागतिक इतिहासात हॉवर्डचे गुणगान होते, वाडांचे नाव तळटीपेत जाते. आपल्या पुसदचे ना. दे. पांढरीपांडे यांची 'नाडेप' पद्धत अशीच. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच असे जाळीदार विटांचे टाके; त्यात चौदा-पंधराशे किलो काडीकचऱ्याला शेण लागते ते अवघे शंभर किलो. ज्याच्या दारी एकच गाय आहे, किंवा शेजाऱ्याची आहे, त्यालाही हे परवडते. पद्धतीचे नाव त्यांच्याच नावावरून पडले. रोमन अक्षरांतून फिरून येताना 'ना-दे-पां'चा 'नाडेप' झालेला दिसतो. श्री. अ. दाभोळकरांनी 'प्रयोग परिवारा'तून सामान्य शेतकऱ्याला प्रयोगशील केले, त्यांच्याही विचाराच्या मुळाशी उन्हातून मिळालेला पाला जमिनीला परत करणे हे सूत्र होते.

"आमच्या आवारात माती कोठे, मुरूम आणि राडारोडा आहे," ही सबब नव्या वसाहतींत ऐकू येते. नगरच्या किल्ल्यात १९४२ ते १९४५ या काळात काँग्रेस कार्यकारिणीचे जे बंदी होते, त्यांत आचार्य नरेंद्र देवही होते. किल्ल्याच्या त्या आवारातील जमीन दगडगोट्यांची, जुन्या बांधकामांच्या मलब्याने भरलेली होती, आणि तीच खणून आपण भर उन्हात फुलांचे वाफे केले, अशी नोंद नेहरूंनी तेथे लिहिलेल्या 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया'च्या आरंभीच केली आहे. बंदिवानांना जे जमले ते आपल्याला जमू नये असे त्या जागेत काही नाही.

अंगणाविषयी जे सांगितले तेच या जिल्ह्यात शिवारालाही लागू आहे. ऊसतोडीनंतर एका हेक्टरात आठ ते दहा टन पाचट पडते. हाही पाचोळाच, फक्त त्याचे अंगण मोठे. पाचट न जाळता सरीत ठेवावे, बुडखे जमिनीलगत छाटावेत आणि पहारीने खत द्यावे, हे खोडव्याचे तंत्र राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ वर्षानुवर्षे सांगत आले. पुष्कळ शेतकऱ्यांनी ते स्वीकारले, पुष्कळांचे फड अजून पेटतात. पालाशाचे जवळजवळ सर्व खत हा देश परदेशांतून आणतो, आणि खतांवरील अनुदानाचा केंद्राचा खर्च २०२२-२३ साली दोन लाख कोटी रुपयांच्या पुढे गेला. शेतकऱ्याला पाचट जाळू नको म्हणून व्याख्यान देणाऱ्या शहरी माणसाने आधी आपल्या फाटकाशी पाहावे, एवढ्यापुरताच हा उल्लेख.

एका आक्षेपाचे उत्तर देणे आवश्यक आहे, कारण तो आपल्याच कामगार संघटनेतील मित्राने माझ्याशी बोलताना घेतला होता. पाने बाहेर आली नाहीत तर झाडण्याचे काम घटेल, आणि ठेकेदार माणसे कमी करील. भीती खोटी नाही. ठेकेदारीत कामाची प्रत्येक बचत मजुराच्या पोटावर येते. पण याचा निष्कर्ष धूर चालू ठेवावा असा निघत नाही. रस्त्यावरच्या झाडांची पाने राहणारच आहेत. ती वेगळी गोळा करणे, प्रत्येक उद्यानाच्या कोपऱ्यात टाकी बांधून कुजवणे, चाळणे, शेतकऱ्याला आणि रोपवाटिकेला विकणे हे सर्व काम आहे, कौशल्याचे आहे, आणि ते कायम सेवेतील कामगारांकडून करून घेतले पाहिजे. पारनेरच्या सेनापती बापटांनी स्वतः झाडू हाती घेऊन रस्ते झाडले. कणकवलीजवळच्या गोपुरीत अप्पासाहेब पटवर्धनांनी समाजाने सर्वांत हीन मानलेल्या कामाला खतशास्त्राची प्रतिष्ठा दिली. या दोघांनाही सफाई करणाऱ्या माणसाचे स्थान बदलावयाचे होते. खराटा चालवणाऱ्या बाईला खताच्या टाकीची जाणकार म्हणून मान आणि मजुरी मिळणे, हे त्याच दिशेचे पाऊल आहे. बचतीचा वाटा तिला मिळावा म्हणून संघटनेने भांडावे. धुरासाठी भांडू नये.

ज्यांना अंगणच नाही त्यांचे काय? चाळीतल्या आणि सदनिकेतल्या माणसाकडे पान येत नाही, आणि त्याच्यावर या लेखातील कोणतीही जबाबदारी येत नाही. मोठ्या आवाराच्या गृहसंस्था, शाळा, महाविद्यालये, सरकारी निवासस्थाने यांच्यावर मात्र ती दुप्पट येते. पाने ज्यांच्याकडे जास्त आहेत आणि ज्यांना हवी आहेत, त्यांची गाठ घालून देण्याचे काम पुण्यात 'ब्राउन लीफ' या नागरिकांच्या उपक्रमाने केले. पोती भरून पाने एका घरातून दुसऱ्याच्या बागेत जाऊ लागली. नगरला तर शहर संपले की शेत सुरू होते. सहकाराने साखर कारखाना उभा करणाऱ्या या जिल्ह्याला गल्लीतील दहा घरांची एक सामाईक टाकी जड जाऊ नये.

आपल्या शाखांनी काय करावे, ते थोडक्यात मांडतो. पक्षकार्यालयांच्या आवारात यंदाच्या पानगळीपूर्वी एक जाळी उभी राहावी. कार्यालयापुढे ढीग पेटत असताना सभेत ठराव करण्यात अर्थ नाही. महापालिकेकडे आणि नगरपरिषदांकडे तीन गोष्टी मागाव्यात. सफाईच्या निविदेत पानांची वाहतूक वजनावर न धरता खेपांवर किंवा घनफुटांवर धरावी. फेब्रुवारी ते एप्रिल या काळासाठी झाडणाऱ्यांची संख्या वाढवावी आणि त्यांना तोंडाला बांधावयाच्या योग्य मुखपट्ट्या द्याव्यात. प्रत्येक सार्वजनिक उद्यानात खताची टाकी असावी आणि तिचे खत कोणास किती गेले याची नोंद फलकावर लागावी. अंदाजपत्रके फेब्रुवारी-मार्चमध्ये मंजूर होतात आणि पानेही तेव्हाच गळतात. निवेदन मार्चमध्ये नेले तर पुढच्या वर्षावर जाईल. ते दिवाळी झाली की लगेच द्यावे, आणि देताना झाडणाऱ्या दोघी-तिघींना बरोबर न्यावे. कोणत्या रस्त्यावर किती पाट्या निघतात हे त्यांच्याइतके आयुक्तांनाही ठाऊक नसते.